पुण्याचं पिण्याचं पाणी, त्याची तपासणी आणि सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहगड रस्ता, धायरी, कोथरूड, खराडी, वाघोली अशा सगळीकडून सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि घरातली माणसं पाण्याबद्दल विचारत असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची उत्तरं शेवटी एका मुद्द्यापाशी येतात: जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघालं तरी ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत चांगलं पोहोचलं का, हे त्या नळापाशीच तपासावं लागतं. तपासायला सोपं आहे, महागही नाही.

१. आमच्या नळाला नेमकं कुठलं पाणी येतं?

पुणे शहराचं बहुतेक पाणी खडकवासला साखळीतल्या चार धरणांचं आहे: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. ते पर्वती, लष्कर, वारजे, वडगाव, होळकर अशा जलकेंद्रांत शुद्ध होतं. पेठांना मुख्यतः पर्वतीचं पाणी येतं, हडपसर-कॅम्पकडे लष्करचं, कोथरूड-बाणेरकडे वारज्याचं आणि धनकवडी-कात्रज-कोंढव्याकडे वडगावचं. वडगाव शेरी, खराडी, धानोरी या पूर्वेकडच्या भागाला भामा आसखेडचं पाणी येतं. पिंपरी-चिंचवडची व्यवस्था वेगळी आहे. तिथे पवनेचं पाणी रावेतला उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात.

आपलं केंद्र कोणतं हे कळत नसेल, तर गुरुवारी पाणी बंद असल्याचं महापालिकेचं निवेदन वाचा. त्यात केंद्राचं नाव आणि त्याखाली येणारे भाग दिलेले असतात. केंद्राचं नाव लिहून ठेवा. तक्रार करताना लागतं (प्रश्न १५).

२. केंद्रात पाण्यावर काय प्रक्रिया होते?

धरणाच्या पाण्यात तुरटी किंवा पॉली अॅल्युमिनियम क्लोराईड मिसळतात. त्याने गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. वरचं निवळलेलं पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. पावसाळ्यात, विशेषतः जुलैत, धरणात लाल पाणी आलं की तुरटीचं प्रमाण दिवसातून अनेकदा बदलावं लागतं.

गाळण्याला दुय्यम समजू नका. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात, आणि माती-कचराच क्लोरीन खाऊन टाकते. नुसतं क्लोरीन टाकलं म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं समजणाऱ्या योजनांमध्ये घोटाळे होतात ते इथेच (प्रश्न १२).

३. पाणी ‘पिण्यायोग्य’ आहे हे कोणत्या आकड्यांवरून ठरतं?

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे. यादी लांबलचक आहे, पण घरच्या माणसाने चार-पाच गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) एकही सापडता कामा नये. शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं आणि विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. पीएच ६.५ ते ८.५. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि पर्याय नसेल तर २००० पर्यंत. नायट्रेट मात्र ४५ च्या वर गेलं की सवलत नाही.

यातल्या पहिल्या दोन आकड्यांवर माझा सर्वात जास्त भर असतो. पुण्यात पाण्यामुळे माणसं आजारी पडतात ती जवळजवळ नेहमी जंतूंमुळे, क्षारांमुळे नाही.

४. पाण्याला क्लोरीनचा वास येतो. ते प्यायचं का?

प्या. हलका वास येतो म्हणजे पाण्याला संरक्षण आहे. वास नको असेल तर पाणी भांड्यात काढून थोडा वेळ उघडं ठेवा किंवा उकळा, वास जातो. वास उग्र असेल, डोळे चुरचुरत असतील तर ओटी टेस्ट (क्लोरीन मोजायची चाचणी, प्रश्न ५) करा आणि वॉर्डाच्या पाणीपुरवठा विभागाला कळवा. माझ्या दृष्टीने काळजीची बातमी उलटी असते: रोज येणारा वास अचानक बंद झाला तर.

५. ओटी टेस्ट घरी करता येते का?

येते, आणि प्रत्येक सोसायटीने करावी. ऑर्थोटोलिडीन नावाच्या रसायनाची छोटी बाटली आणि काचेची किंवा प्लास्टिकची नळी, एवढंच साहित्य. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक हीच चाचणी करतात.

नळ दोन मिनिटं सोडून द्या. नळी त्याच पाण्याने दोनदा खळबळून खुणेपर्यंत भरा. किटवर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, बूच लावून एकदा उलटी-सुलटी करा आणि पांढऱ्या कागदासमोर धरून लगेच रंग पाहा. फिकट पिवळा रंग म्हणजे क्लोरीन आहे. किटवरच्या रंगपट्टीशी ताडून आकडा वाचा. नारिंगी झाला तर प्रमाण जास्त आहे. रंगच आला नाही तर क्लोरीन शिल्लक नाही.

‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोकळं क्लोरीन पहिल्या काही सेकंदांत रंग देतं. दहा-पंधरा मिनिटांनी जो रंग गडद होतो त्यात इतर घटकांशी जोडलं गेलेलं, जंतूंवर कमजोर असलेलं क्लोरीनही धरलं जातं. नळी ठेवून चहा पिऊन आलात तर मोकळं क्लोरीन नसलेल्या नळालाही पास कराल. चाचणीचं पाणी मोरीत ओतून द्या, ते प्यायचं नाही, आणि हाताला लागलं तर धुवा. रसायन जुनं झालं की रंग नीट येत नाही, म्हणून बाटलीवरची मुदत पाहा. परवडत असेल तर डीपीडीचं किट घ्या. ते गुलाबी रंग देतं आणि जास्त भरवशाचं आहे.

६. शुक्रवारी सकाळी पाणी गढूळ का येतं?

गुरुवारी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवतात तेव्हा वाहिन्या रिकाम्या होतात. रिकाम्या पाइपात दाब नसतो, त्यामुळे सांध्यांतून आणि तड्यांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर पुढचं सांगायला नको. शुक्रवारी पाणी सुटलं की ते सगळं, शिवाय पाइपाच्या आत साचलेला गंज आणि गाळ, पहिल्या लोटात वाहून येतं.

म्हणून शुक्रवारचं पहिलं पाणी टाकीत घेऊ नका. इनलेटपाशी नळ असेल तर तो सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा. बागेला, फरशीला ते पाणी चालतं. पूर्ण निवळल्यावर टाकीचा कॉक उघडा. २४ तास समान पाणीपुरवठा योजनेचा खरा फायदा मला इथे दिसतो. पाइप कायम भरलेला आणि दाबाखाली असेल तर बाहेरची घाण आत यायला वाटच राहत नाही.

लाइनला थेट मोटर लावून पाणी खेचणाऱ्यांनी हे दुसऱ्यांदा वाचावं. ते बेकायदा आहे, महापालिका मोटर जप्त करते, आणि त्या खेचण्यामुळे शेजाऱ्यांच्या पाइपात तोच उणा दाब तयार होतो.

७. ग्लासात पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. भेसळ आहे का?

एक मिनिट थांबा. पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला तर ती हवा आहे, निर्धोक. तळाशी काही बसलं तर तो गाळ, मग प्रश्न ६ आणि ८.

८. महापालिका म्हणते पाणी चांगलं आहे, पण आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच आठवड्यात तीन घरांत जुलाब. दोष कोणाचा?

यावरून भांडणं फार होतात आणि तपासणी क्वचितच. दोन नळांवर एकाच वेळी ओटी टेस्ट करा: एक मीटरजवळ, महापालिकेचं पाणी टाकीत पडण्याआधी, दुसरा आजारी घरातल्या स्वयंपाकघरात.

दोन्हीकडे पिवळा रंग आला तर निदान पाण्यात क्लोरीन टिकून आहे. तरी निश्चिंत होण्याआधी प्रश्न १३ वाचा. मीटरजवळ पिवळा आणि घरात बिनरंगी आला, तर दोष तुमच्या टाक्यांत किंवा अंतर्गत पाइपांत आहे. दोन्हीकडे बिनरंगी आला तर रस्त्यावरच्या लाइनला गळती असण्याची किंवा केंद्रापासून इथवर येताना क्लोरीन संपल्याची शक्यता आहे. ताबडतोब तक्रार करा आणि तोवर पाणी उकळून प्या. पाणी यायच्या वेळेला करा. ते बंद असताना मीटरजवळचा नळ काही सांगू शकत नाही.

जमिनीखालची टाकी पाहायला उतराल तेव्हा आधी झाकणाकडे बघा. झाकण पार्किंगच्या फरशीच्या पातळीत असेल तर गाड्या धुतलेलं पाणी कडेने आत जातं. झाकणाचा काठ जमिनीपासून निदान वीतभर उंच हवा. मग ड्रेनेजचं चेंबर किती लांब आहे ते पाहा. जुन्या इमारतींमध्ये टाकी आणि चेंबर एका भिंतीच्या दोन बाजूंना असतात आणि भिंतीला ओल आलेली दिसते. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का? नसेल तर झुरळं, पाली, उंदीर तिथूनच आत जातात. आतल्या भिंतीवर बोट फिरवा. बुळबुळीत थर लागला तर टाकी धुण्याची मुदत टळली आहे. टाकीत उतरताना एकट्याने कधीही उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो.

९. टाकी किती दिवसांनी आणि कशी धुवायची?

सहा महिन्यांतून एकदा तरी. त्यातली एक वेळ पावसाळ्याआधी धरा. गाळ काढा, भिंती घासा, घाण पाणी उपसून टाका. मग टाकी भरून १००० लिटरला सुमारे २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल, बादलीत कालवून, वरचं निवळ द्रावण टाकीत ओता आणि तळातला चुना बाहेर ठेवा. शक्यतो चोवीस तास ठेवा. या काळात पाणी कोणीही वापरायचं नाही. नंतर पूर्ण सोडून द्या आणि ओटीचा रंग फिकट पिवळ्यावर येईपर्यंत नळ चालू द्या.

टीसीएलची पोती दमट खोलीत उघडी पडली की तिचं बळ जातं. दुकानातून आणल्यावर नाकाला जोराने वास आला नाही तर ती बदलून घ्या.

१०. टीडीएस मीटरवर ८० येतात. म्हणजे पाणी एकदम शुद्ध?

नाही. मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. त्याला जंतू दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या खडकवासल्याच्या पाण्याचा टीडीएससुद्धा मानकात बसू शकतो. आरओ विकायला येणारे दारात हाच मीटर बुडवून दाखवतात, आणि त्या आकड्यावरून माणसं निर्धास्त होतात किंवा घाबरतात. दोन्ही चूक.

धरणाचं पाणी मुळात मऊ आहे आणि त्याचा टीडीएस ५०० च्या खूप खाली असतो. त्यासाठी आरओची गरज नाही. वर आरओ बरंच पाणी वाया घालवतो आणि क्लोरीनही काढून टाकतो. शंका असेल तर साधा गाळणी फिल्टर आणि अतिनील किरणांचं यंत्र पुरतं. बोअरच्या पाण्याला मात्र आरओ लागू शकतो, तो भाग पुढच्या प्रश्नात.

११. सोसायटी बोअर, टँकर आणि नळाचं पाणी एकाच टाकीत घेते. चालतं का?

वापरायला चालतं, पिण्यासाठी मी नको म्हणतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे ते नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही संपवतं. पुण्याच्या काळ्या पाषाणातून येणारं भूजल जड असतं, साबणाला फेस येत नाही, गीझरमध्ये पांढरा थर बसतो. ते त्रासाचं, पण जडपणाने कोणी दवाखान्यात जात नाही. खरी भीती नायट्रेटची आणि जंतूंची असते. सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यांचं पाणी झिरपतं तिथे नायट्रेट ४५ च्या वर जाऊ शकतं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते वाढतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला अशा पाण्यातून दूध देऊ नये. इथे आरओ उपयोगी आहे.

खासगी टँकरवाल्याला टँकर कुठे भरला ते विचारा. पावती मागा. रिकामा करण्याआधी ओटी करा. क्लोरीन नसेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबाने, १०,००० लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम चांगल्या टीसीएलचं द्रावण टाका, अर्धा तास थांबा, पुन्हा ओटी करा आणि मगच पाणी पंपावर घ्या. नवीन उपनगरांत बऱ्याच बिल्डरांनी महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी देण्याची हमीपत्रं दिली आहेत. ते पाणी तपासून देण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच मागा.

१२. जानेवारी २०२५ मधले जीबीएसचे रुग्ण पाण्यामुळेच होते का?

सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात तेव्हा गुलेन-बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकदम वाढले. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून येतो, तसाच कच्च्या राहिलेल्या चिकनमधून आणि न तापवलेल्या दुधातूनही येतो. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही. आधी जुलाबाचा संसर्ग होतो आणि काही जणांची प्रतिकारशक्ती नंतर आपल्याच नसांवर उलटते. पायांना मुंग्या, अशक्तपणा पायांकडून वर चढत गेला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हा पट्टा २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांचा आहे. तिथे बरंच पाणी विहिरीतून, शुद्धीकरण केंद्राशिवाय, फक्त क्लोरीन टाकून दिलं जात होतं. मला याचं मनापासून दुःख होतं, कारण कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनने सहज मरतो. प्रश्न औषध नसल्याचा नव्हता. ते शेवटच्या नळापर्यंत पुरतं का, हे रोज पाहण्याचा होता. अशा भागात राहत असाल तर रोजची ओटी ही सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत वेळेसह लिहिलेली असावी.

१३. क्लोरीन आहे, तरी प्रयोगशाळेने कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जंतू) दाखवले. असं कसं?

तीन कारणं असतात. क्लोरीन नुकतंच टाकलं असेल आणि अर्धा तास झाला नसेल. पाणी गढूळ असेल. किंवा नळाच्या तोंडाशी, जाळीत, रबरी नळीच्या टोकाला घाण बसली असेल. तिसरं कारण सर्वात जास्त वेळा निघतं. जाळी काढा, तोंड आगीने किंवा स्पिरिटने निर्जंतुक करा, पाणी सोडा, पुन्हा नमुना घ्या.

उलटी फसवणूकही असते. साध्या पाण्याच्या बाटलीत नमुना नेला तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि खराब नळाचा अहवाल चांगला येतो. म्हणून जंतुतपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन थांबवणारं सोडियम थायोसल्फेट असतं. ती खळबळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, शिवाय एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा आहेत. जंतूंच्या अहवालाला दोन दिवस तरी लागतात. तोवर पाणी उकळा.

एच२एसची बाटली, म्हणजे दूषित पाणी भरून ठेवलं की काळी होणारी चाचणीची बाटली, घरच्या प्राथमिक तपासणीसाठी ठीक आहे. काळी झाली तर पाणी संशयास्पद, पण नाही झाली म्हणून पास नव्हे.

१४. उकळलेलं पाणी दिवसभर चालतं का?

खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा, त्याच भांड्यात झाकून गार करा आणि चोवीस तासांत संपवा. उकळल्यावर क्लोरीन उरत नाही, त्यामुळे हात बुडवला की ते लगेच दूषित होतं. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं भांडं वापरा. गर्भवतींसाठी हे कसोशीने पाळा. पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ त्यांना जिवावर बेतू शकते.

पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, तिथे साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन दुसऱ्या दिवशी उडालेलं असतं. दुसऱ्या दिवशीचं पाणी ओटी करून किंवा उकळूनच प्या.

१५. तक्रार कशी करायची म्हणजे कोणी दखल घेईल?

‘पाणी खराब येतंय’ एवढं लिहू नका. तारीख, पाणी सुटण्याची वेळ, जलकेंद्र, मीटरजवळचा आणि घरातला ओटीचा निकाल, आजारी घरांची संख्या आणि फोटो द्या. पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रार सेवेवर नोंदवा, क्रमांक जपा, आणि त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जुलाबाचे रुग्ण असतील तर आरोग्य विभागालाही प्रत द्या. दोन विभागांना एकाच वेळी कळलं की हालचाल लवकर होते. उत्तर आलं नाही तर तुमच्या भागातल्या नमुन्यांचे अहवाल माहिती अधिकारात मागा.

१६. वीस लिटरचे थंड जार पिऊ का?

सीलबंद, आयएसआय खुणेच्या बाटलीला आयएस १४५४३ लागू आहे. सुट्या थंड जारचं तसं नाही. थंडपणा म्हणजे शुद्धता नव्हे. ऑफिससाठी घेतच असाल तर जार आल्यावर ओटी करा, पण तेवढ्यावर थांबू नका. आरओच्या पाण्यात क्लोरीन नसणारच, म्हणून पुरवठादाराकडून जंतुतपासणीचा अलीकडचा अहवाल मागा.

१७. घरी डायलिसिस चालतं, आणि मुलाचे मासेही आहेत. क्लोरीन चालेल?

दोन्हीसाठी नाही. प्यायला सुरक्षित असलेलं क्लोरीन डायलिसिसच्या पाण्यात गेलं तर रक्तपेशी फुटतात. रक्त गाळणाऱ्या मशीनवर असाल तर कार्बनचा फिल्टर वेळेवर बदलला जातो का आणि प्रत्येक सत्राआधी क्लोरीन शून्य असल्याची तपासणी होते का, हे तंत्रज्ञाला विचारा. पोटातून करायच्या डायलिसिसमध्ये द्रव तयार पिशवीतून येतो, तिथे हा प्रश्न नाही. हात मात्र साबणाने धुवा. माशांच्या टाकीसाठी पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, ओटी बिनरंगी आली की भरा. वास बंद झाला म्हणून भरू नका.